मालकाच्या तोंडी कामगाराचं गाणं

माझ्या नवऱ्याला कंपनीने काढलं आणि पुढच्याच आठवड्यात त्याच कंपनीने त्याला गायला बोलावलं. जसं घडलं तसं लिहिते आहे, कारण आमच्या ओळखीतल्या लोकांनी आता ही गोष्ट गोड करून सांगायला सुरुवात केली आहे आणि तिच्यात गोड असं काही नव्हतं.

इथे सिंगापूरमध्ये कंपन्या वर्षातून एकदा हॉटेलच्या बॉलरूममध्ये मोठं जेवण ठेवतात. डिनर अँड डान्स. सगळे त्याला डी अँड डी म्हणतात. गोल टेबलं, एकामागून एक येणारे पदार्थ, ग्लास उंच करून श्वास संपेपर्यंत 'याम सेंग' ओरडणं, ठरलेल्या थीमचे कपडे आणि शेवटी लकी ड्रॉ. माझा नवरा तुआसला जहाजांचे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीचं काम बघायचा. दरवर्षी तो तिथे गिटार घेऊन गायचा. इतकी वर्षं गायला की नवीन लागलेल्या लोकांना तो क्वालिटीचा आहे हे नंतर कळायचं आणि 'कंट्री साँगवाला' आहे हे आधी.

हे कंट्री प्रकरण, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडची गाणी, आमच्या घरात एका सीडीने आणलं. आम्ही इथे नवे होतो. दुसऱ्या कुटुंबाबरोबर फ्लॅटमधली एक खोली भाड्याने घेतली होती. एका रविवारी तो सिटी हॉलजवळच्या दुकानातून एका अमेरिकन गायकाच्या ग्रेटेस्ट हिट्सची सीडी घेऊन आला. कव्हरवर एक दाढीवाला माणूस ट्रकला टेकून उभा. गाणी स्वतः लिहिणारा, स्वतः गाणारा. मी विचारलं, "हा कोण?" तर म्हणाला, "माहीत नाही, दुकानात लावली होती. गिटार सोपी आहे." पुण्यात कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवायचा तेवढ्या चार कॉर्ड्सवर सगळी सीडी बसत होती. खरं कारण तेवढंच.

मला सुरुवातीला त्या माणसाचा एक शब्द कळत नसे. बटाटा तोंडात ठेवून गातो असं वाटायचं. पण घरात एकच सीडी सतत वाजत असली की काही इलाज नसतो. भांडी घासताना मी ती ऐकली, मुलीला भरवताना ऐकली, पुढे आमचा जुरोंग ईस्टचा फ्लॅट झाला तेव्हा रंग देताना ऐकली. हळूहळू शब्द लागत गेले आणि मग मला कळलं की ही सगळी गाणी म्हणजे गोष्टी आहेत. पहिल्या कडव्यात माणूस भेटतो, दुसऱ्यात त्याचं काहीतरी बिनसतं आणि तिसऱ्यात तुम्हाला कळतं की तो हे कोणाला आणि का सांगतो आहे. तिसरं कडवं ऐकलं नाही तर गाणं ऐकलंच नाही. एका गाण्यात तेलाच्या विहिरीवर कामाला जाणाऱ्या नवऱ्याला बायको पहाटे डबा करून देते. त्या बाईला पूर्ण गाण्यात एकही वाक्य बोलायला दिलेलं नाही. याबद्दल मी त्या गायकावर अजून नाराज आहे. पण बाकी माणूस प्रामाणिक होता. बायका सोडून जातात त्या का जातात हे तो लपवत नसे, आणि ऐकणाऱ्याला रडवायचं म्हणून गाण्यातला कुत्रा मारत नसे.

त्या सीडीतलं सगळ्यात गाजलेलं गाणं लाकडाच्या गिरणीतल्या कामगाराचं आहे. चाल टाळ्या वाजवाव्या अशी. पहिल्या कडव्यात तो पोरगेला असताना कामाला लागतो. दुसऱ्यात त्याचं एक बोट जातं. तिसऱ्यात गिरणी बंद होते, शेवटच्या दिवशी तो आपलं मशीन पुसतो, त्याला तेल देतो, आणि घरी जाऊन बायकोला काय सांगायचं हे ठरवत फाटकाबाहेर उभा राहतो. ध्रुवपद मालकाला उद्देशून आहे. तुझं मशीन मी जन्मभर चालवलं, तू कधी माझं नाव तरी विचारलंस का?

आता हे गाणं कंपनीच्या डी अँड डीला दरवर्षी व्हायचं आणि तेही कसं, ते सांगते. दोन कडवी माझा नवरा म्हणायचा. दुसऱ्या ध्रुवपदाला एमडी स्टेजवर यायचा, याच्या गळ्यात हात टाकायचा, दुसरा माइक घ्यायचा आणि दोघं मिळून ध्रुवपद पुन्हा पुन्हा म्हणायचे. सगळं बॉलरूम टाळ्या वाजवायचं. कंपनीचा मालक, कामगारांच्या टोप्यांसारखी टोपी घालून, गळ्याच्या शिरा ताणून मालकाला विचारतो आहे की तू माझं नाव तरी विचारलंस का. तिसरं कडवं कधी झालंच नाही. त्याला वेळच नसायचा, पुढे लकी ड्रॉ असायचा.

पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा हसले होते. घरी येताना मेट्रोत नवऱ्याला म्हटलं, "अरे, त्याला कळतंय का तो काय म्हणतोय?" तो म्हणाला, "हिट गाणं आहे. हिट गाण्यात कोणी कळून घेत नाही." मला तेव्हा ते चतुर वाक्य वाटलं होतं. आता वाटत नाही.

यंदा ऑर्डर्स कमी झाल्या, त्याचं खातं दुसऱ्या देशात हलवलं आणि त्याला नोटीस दिली. एचआरच्या खोलीत पंधरा मिनिटांत आटोपलं. त्याने घरी येऊन बूट काढले आणि सांगितलं. मी म्हटलं, ठीक आहे. मी एका फळं आयात करणाऱ्या कंपनीचं शीतगोदाम बघते, पगार चालू आहे, आपण पीआर आहोत, कायमचं राहायची परवानगी आहे, कोणी हाकलून देत नाही. उद्यापासून अर्ज करायला लाग. तो हो म्हणाला. दोन दिवस त्याने जुना सीव्ही उघडून ठेवला.

मग एमडीचा फोन आला. स्वतःचा, सेक्रेटरीचा नाही. यंदाची थीम 'काउबॉय नाइट' ठरली आहे, ती तुझ्यामुळेच ठरवली होती, कार्यक्रम छापून झाला आहे, तर यायचंच. तुझ्याशिवाय मजा नाही. बायकोलाही आण.

याने फोनवरच हो म्हटलं.

मी ओट्यापाशी होते. म्हटलं, "काय म्हणालास?"

"येतो म्हणालो."

"का?"

"आता समोरून बोलावलं तर नाही कसं म्हणायचं?"

"तोंडाने. ना आणि ही, दोन अक्षरं आहेत."

तो हसला नाही. त्याने हे वाक्य आधी ऐकलेलं होतं. माझ्या नवऱ्याने आयुष्यात कोणाला नाही म्हटलेलं नाही. भीड. त्याचे वडील असेच होते, गणपतीच्या वर्गणीला एकाच मंडळाला दोनदा पैसे देणारे. पण या वेळी नुसती भीड नव्हती, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, जेव्हा समोरच्या ब्लॉकमधला आमचा मित्र चहाला आला. मराठीच आहे, बँकेत मोठ्या जागेवर आहे, आणि जगात प्रत्येक गोष्टीमागे आत काहीतरी चाललेलं असतं अशी त्याची खात्री आहे.

"वहिनी," तो म्हणाला, "एमडीने स्वतः फोन केला म्हणजे सिग्नल आहे. ज्याला खरंच काढायचं त्याला कोणी असं मानाने बोलवत नाही. त्या दिवशी तो बाजूला घेऊन बोलेल बघा. दुसऱ्या खात्यात जागा काढतील."

"त्याला गाणारा माणूस हवाय," मी म्हटलं. "बाहेरून बोलावला तर पैसे पडतील."

"तुम्ही फार निगेटिव्ह बघता, वहिनी."

"मी गोदाम बघते. नासलेलं फळ नासलेलंच दिसतं मला."

तो हसला, माझा नवरा हसला नाही. त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "तुला खरंच वाटतं, बोलेल?" त्या प्रश्नातला आवाज ऐकून माझं डोकं फिरलं. मित्रावर नाही, त्याच्यावरही नाही. त्या फोनवर. एका फोनने माणूस पुन्हा दारात नेऊन उभा केला होता.

त्या दिवसापासून त्याने अर्ज करणं बंद केलं. विचारलं की म्हणायचा, "डी अँड डी होऊ दे." नोटीसचा काळ संपत चालला होता, सीव्ही तसाच उघडा पडलेला, आणि हा रोज संध्याकाळी गिटारवर गिरणीचं गाणं बसवतोय. जे गाणं तो झोपेतही म्हणू शकतो ते. मला आमच्यातलं हेच चीड आणतं. आपल्या लोकांना साहेबाने पाठीवर हात ठेवला की तो हात कशासाठी ठेवला हे बघायचं सुचत नाही. मान मिळाला म्हणजे काम झालं असं वाटतं. दिवाळीला साहेबाने मिठाईचा डबा घेतला तर वर्षभर सांगत बसतात. इथे येऊन वीस वर्षं झाली, पासपोर्ट सोडून सगळं बदललं, पण हे गेलं नाही.

मुलगी ज्युनियर कॉलेजला आहे. ती अभ्यासातून डोकं वर काढून म्हणाली, "बाबा, दे सॅक्ड यू. यू स्टिल वाँट टू सिंग फॉर देम? सो पैसेह, ला." पैसेह म्हणजे लाज वाटण्यासारखं. तिच्या बाबाने उत्तर मराठीत दिलं, "मी गाण्यासाठी जातोय." ती म्हणाली, "ओके लोर," आणि कानात हेडफोन घातले. मला तिचं म्हणणं पटलं, पण तिने ते बाबाला असं तोंडावर म्हणणं आवडलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही वेळेवर पोचलो. बॉलरूमच्या दारात गवताच्या पेंढ्या ठेवल्या होत्या, प्लास्टिकच्या. सगळे चौकड्याच्या शर्टात. दारात टेबल लावून एचआरच्या दोन मुली नावं बघून टोप्या आणि लकी ड्रॉची कुपनं वाटत होत्या. याला एकीने टोपी दिली, गाण्याच्या वेळेबद्दल काहीतरी सांगितलं, आणि हा साउंड चेकला आत गेला. मी तिथेच उभी होते. मागच्या माणसाला टोपी आणि कुपन. त्याच्या मागच्याला टोपी आणि कुपन.

मी परत टेबलापाशी गेले आणि म्हटलं, माझ्या नवऱ्याचं कुपन राहिलं.

तिने यादीत बघितलं. मुलगी चांगली होती, कानापर्यंत लाल झाली. म्हणाली, "सॉरी, आंटी. नोटीसवर असलेल्यांना लकी ड्रॉ नाही. पॉलिसी."

"पण तो गाणार आहे."

"हो, आंटी. गाणं आहे. ड्रॉ नाही."

मला त्या कुपनाचं काही पडलेलं नव्हतं. आम्हाला आजवर एकदा भात शिजवायचा कुकर लागला होता आणि तो आमच्याकडे आधीच होता. पण ते वाक्य माझ्या डोक्यात हातोड्यासारखं बसलं. गाणं आहे, ड्रॉ नाही. म्हणजे कोणीतरी ऑफिसात बसून नीट विचार केला होता. स्टेजवर हा चालतो, ड्रॉमधला टीव्ही मिळण्याच्या शक्यतेत हा चालत नाही. ज्या माणसाला दुसऱ्या खात्यात जागा काढून देणार आहेत त्याचं नाव ड्रॉमधून काढत नाहीत. हे समजायला बँकेत मोठ्या जागेवर असावं लागत नाही.

आता त्याला सांगायचं की नाही. गाण्याआधी सांगितलं तर तो कोसळेल, नंतर सांगितलं तर तो संपूर्ण संध्याकाळ आशेने गाईल आणि मी ते बघत बसेन. दुसरं मला जमलं नसतं. मी स्टेजच्या मागे गेले. तो खुर्चीवर बसून तारा जुळवत होता, टोपी गुडघ्यावर.

सांगितलं. एचआरची मुलगी जे म्हणाली तेच, त्याच शब्दांत.

त्याने वर बघितलं नाही. एक तार पिळली, वाजवून बघितली, पुन्हा पिळली. मग म्हणाला, "जेवण तरी आहे ना आपल्याला?"

"आहे. व्हेज टेबल. स्वयंपाकघराच्या दाराशी, नेहमीचं."

"मग ठीक आहे."

"अरे, चल ना घरी. कोणाला काही सांगायचं नाही. उठायचं आणि जायचं."

"नको," तो म्हणाला. "गाणं माझं आहे. त्यांचं नाही."

मला वाटलं हीसुद्धा भीड, फक्त नवे कपडे घातलेली. मी रागातच टेबलावर जाऊन बसले. तमिळ आणि गुजराती सहकारी होते, त्यांनी सरकून जागा केली. शेजारची बाई म्हणाली, तुमचा नवरा किती मोठ्या मनाचा आहे. मी म्हटलं, मन मोठं असायला त्याला पर्याय काय ठेवलाय. ती मशरूम वाढून घ्यायला लागली.

तो स्टेजवर गेला. पहिलं कडवं, टाळ्या सुरू. दुसरं कडवं. ठरल्याप्रमाणे एमडी उठला, टोपी सरळ केली, पायऱ्या चढला, दुसरा माइक घेतला आणि ध्रुवपदात सामील झाला. हात गळ्यात. सगळं बॉलरूम त्या दोघांबरोबर विचारत होतं, तू कधी माझं नाव तरी विचारलंस का. पुढच्या टेबलावरचे डायरेक्टर ग्लास हलवत होते.

दरवर्षी इथून ध्रुवपदच पुन्हा सुरू व्हायचं. या वेळी माझ्या नवऱ्याने ते थांबवलं आणि तिसऱ्या कडव्याला हात घातला. एमडीने ध्रुवपदासाठी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. त्याला शब्द येत नव्हते. कोणालाच येत नव्हते. टाळ्यांचा ठेका चुकला, मग थांबला. गिरणी बंद झाली. मशीन पुसलं, तेल दिलं. माणूस फाटकाबाहेर उभा. हा सगळा वेळ एमडी त्याच्या गळ्यात हात टाकून, दुसऱ्या हातात माइक धरून, चेहऱ्यावर हसू ठेवून उभा होता, कारण हात काढायचा तरी कधी.

इथे कथेत लोक गप्प व्हायला हवेत. मित्र आता तसंच सांगतो, की सगळ्यांचे डोळे पाणावले. मी तिथे होते. कोणाचे पाणावले नाहीत. आमच्या टेबलावरच्या तमिळ गृहस्थांनी चमचा खाली ठेवला, तेवढंच. पुढच्या टेबलांवर लोक बोलायला लागले होते. ध्रुवपद परत आलं तसे सगळे जोरात त्यात पडले, एमडी सगळ्यांत मोठ्याने, सुटल्यासारखा. त्या क्षणी मला त्या गायकाचाही राग आला. कव्हरवर ट्रकला टेकून उभा असलेल्या त्या माणसाने गाणं इतकं चांगलं का बांधलं की ज्याच्यावर आहे तोही ते आनंदाने म्हणू शकतो? प्रत्येक गाण्यात 'मी'. कोणीही यावं आणि त्या 'मी'मध्ये शिरावं. कामगार शिरतो, त्याला बरं वाटतं. मालक शिरतो, त्यालाही बरं वाटतं, तीन मिनिटं फुकटात गरीब होता येतं. म्हणून तर ती हिट्स. म्हणून सीडी सिंगापूरच्या दुकानापर्यंत आली.

गाणं संपलं. एमडी माइकवर म्हणाला, आमचा हा मित्र यंदा आम्हाला सोडून जातो आहे. सोडून जातो आहे असंच म्हणाला. पण डी अँड डीला याच्याशिवाय चालायचं नाही. पुढच्या वर्षी आपण याला पाहुणा म्हणून बोलावू या, काय? हो असा गजर झाला. एमडी याच्याकडे वळला. "यू मस्ट कम, ओके? प्रॉमिस?" आणि स्वतःचा माइक याच्या तोंडापुढे धरला.

मी खुर्चीची कड धरली होती. मला माहीत होतं काय उत्तर येणार. वीस वर्षं तेच उत्तर ऐकत आले आहे.

"नो," तो म्हणाला.

बॉलरूम हसलं. त्यांना तो विनोद वाटला. एमडीही हसला, पाठीवर थाप मारली, पुन्हा माइक पुढे केला.

"नो, सर. आय वोंट कम."

या वेळी हसू थोडं कमी आलं. त्याने गिटारची वायर काढली, गोल गुंडाळून स्टेजच्या कडेला ठेवली, टोपी तिच्यावर ठेवली आणि पायऱ्या उतरून सरळ आमच्या टेबलाकडे आला. सूत्रसंचालकाने घाईने लकी ड्रॉचा डबा पुढे आणला. हा बसला. मी त्याच्या ताटलीत भात वाढला, टोफू वाढला. तो नीट जेवला. मी जेवले नाही, मला अजून राग आवरत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मित्राचा फोन आला. "वहिनी, असं तोंडावर नाही म्हणायला नको होतं. दार बंद झालं."

मी म्हटलं, "दार नव्हतंच. चित्र होतं दाराचं."

"तो बोलला असता हो नंतर."

"मग आताही बोलू शकतो. नंबर आहे त्याच्याकडे."

एमडीचा फोन आला नाही, हे सांगायला नकोच.

नाश्ता झाल्यावर नवऱ्याने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आणला आणि सीव्ही माझ्यापुढे सरकवला. बघ म्हणाला. मी पहिल्यापासून वाचत गेले, दोन ठिकाणी वाक्यं कापली, एका जुन्या प्रोजेक्टला वर आणलं. शेवटी छंद म्हणून 'गायन, गिटार' लिहिलेलं होतं. मी ते काढून टाकलं.

"ते राहू दे," तो म्हणाला.

"कशाला? नव्या जागीही लोक गायला लावतील."

"लावू देत. नाही म्हणेन."

मी ते शब्द परत टाइप केले. दुपारपर्यंत त्याने तीन ठिकाणी अर्ज पाठवले, त्यातला एक तुआसमधलाच, जुन्या कंपनीच्या अगदी समोरच्या रस्त्यावरचा. मी विचारलं, "तिथे रोज जाता येईल तुला? तेच गेट समोर?"

"बस तीच आहे," तो म्हणाला. "एक स्टॉप आधी उतरायचं."